अडतीस नंबरचा फर्मा

माझे दाजी बुटांच्या कारखान्यात आहेत असं सांगितलं की लोकांना वाटतं ते बूट शिवतात. त्यांनी आयुष्यात एक टाका घातलेला नाही. ते फर्मे करतात. फर्मा म्हणजे पायाच्या आकाराचा लाकडी ठोकळा. त्यावर चामडं ताणून बसवायचं, तळ चिकटवायचा, वाळू द्यायचं आणि शेवटी ठोकळा बाहेर ओढून घ्यायचा. मागे जी पोकळी उरते तिच्यात तुमचा आमचा पाय जातो. "मास्तर, लोकांना वाटतं आम्ही चामडं विकतो," दाजी मला म्हणायचे, "आम्ही विकतो ती मधली रिकामी जागा." मी शाळेत भूगोल शिकवतो, म्हणून त्यांच्या लेखी मी मास्तर. त्यांना स्वतःला कारखान्यात मालकांपासून झाडलोट करणाऱ्या बाईपर्यंत सगळे मिस्त्री म्हणतात.

हे काम त्यांना माझ्या वडिलांनी शिकवलं. बाबांची सगळी हयात त्याच कारखान्यात गेली. त्यांनी माझ्याही हातात एकदा कानस दिली होती. पहिल्याच दिवशी मी अंगठ्याचं सालटं काढून घेतलं, तेव्हा त्यांनी कानस परत घेतली आणि म्हणाले, "तू पुस्तकंच वाच." पुढे विशीतले दाजी कामाला लागले आणि बाबांना हवा तसा हात सापडला. तीनेक वर्षांनी त्यांना त्याच माणसात जावईही सापडला. माझी ताई तेव्हा नुकतीच रुग्णालयात नर्स म्हणून लागली होती. लग्न ठरलं त्या दिवशी बाबांनी होणाऱ्या जावयाला फार उपदेश केला नाही. "तिच्या बुटांचं आता तू बघायचं," एवढंच म्हणाले.

दाजींनी ते मनावर घेतलं. ताईचा वॉर्ड बत्तीस खाटांचा. सकाळी सातला आत शिरली की दुपारी तीनपर्यंत ती बसलेली कुणी पाहिली नसेल. तिच्यासाठी दाजी दरवर्षी एक पांढरा जोड करून आणायचे. चामडं स्वतः निवडायचे, शिवणाऱ्याच्या डोक्यावर उभे राहायचे. फर्मा बाबांच्या हातचा, अडतीस नंबरचा. सव्वीस वर्षांत सव्वीस जोड. रुग्णालयातल्या बाकीच्या सिस्टर त्यावरून तिला चिडवायच्या, थोड्या जळायच्याही. माझी भाची मात्र पंधराव्या वर्षापासून कॅनव्हासचे बूट घालायला लागली. दाजी म्हणाले, "फॅशन आहे, चार वर्षांत जाईल." ती पंचविशीची झाली तरी गेली नव्हती.

दाजींच्या, त्याआधी बाबांच्या, कामाच्या खोलीत मी लहानपणापासून जातोय. खिडकीखाली जाड फळीचं टेबल, त्याला लाकूड आवळून धरणारे दोन शिकंजे, भिंतीवर रंधे, पटाशा, सात-आठ तऱ्हेच्या कानशी. समोरच्या भिंतीला छतापर्यंत मांडण्या आणि त्यांत जोडीजोडीने लटकवलेले फर्मे. डाव्या हाताला पुरुषांचे, उजव्या हाताला बायकांचे. बायकांचा फर्मा कसा करायचा तेही मी तिथेच ऐकलं होतं. पुरुषाचा घ्यायचा, सगळीकडून सारखा उतरवायचा, टाचेला थोडा जास्त. झाला. बाबा असंच करायचे, त्यांच्या आधीचे मिस्त्रीही असंच करायचे.

तीन वर्षांपूर्वी मालकांनी एका तांत्रिक संस्थेशी बोलणं केलं. त्या संस्थेत चालत्या पायाची मोजणी करणारं एक यंत्र बसवलं होतं. कारखान्यातले फर्मे त्या मोजणीशी ताडून बघायचे, असं ठरलं. मालकांनी दाजींना बोलावून सांगितलं, "मिस्त्री, बायकांचे फर्मे पेटीत भरा आणि तिकडे जा. त्या मॅडम सांगतील तसं करा."

"माझ्या फर्म्यात खोट आहे का?" दाजींनी विचारलं.

"तसं कुठे म्हणालो मी? बघायला काय हरकत आहे?"

दाजी पेट्या घेऊन गेले, पण तोंड फुगवूनच गेले.

ती जागा मी नंतर स्वतः पाहिली. संस्थेच्या तळमजल्यावर लांबट खोली, सगळ्या खिडक्यांना काळे पडदे. मधोमध सहा-सात मीटर लांबीचा, गुडघ्याएवढ्या उंचीचा लाकडी मार्ग, दोन्ही टोकांना तीन तीन पायऱ्या. मार्गाच्या मध्यावर जाड काचेचा एक चौकोन. काचेच्या खाली कॅमेरे, बाजूंनी कॅमेरे, आणि पायावर बारीक ठिपक्यांचा प्रकाश टाकणारी यंत्रं. माणसाने अनवाणी चालत यायचं, एक पाऊल काचेवर पडू द्यायचं आणि पुढे निघून जायचं. काच आहे म्हणून पाऊल जपून टाकायचं नाही, म्हणून प्रत्येकाला आधी दहा-बारा फेऱ्या नुसत्याच मारायला लावायचे. एक पाऊल टेकून उचलेपर्यंत कॅमेरे साठ-सत्तर वेळा त्याचा आकार टिपतात, वरून, खालून, चारही बाजूंनी. मग संगणकाच्या पडद्यावर तो पाय उभा राहतो. फिरवून बघा, कापून बघा, थांबवून बघा.

हे सगळं चालवणाऱ्या मॅडम तिशीच्या आतल्या. केस कसेतरी वर बांधलेले, पायात फाटक्या सपाता. दाजींनी पहिल्याच दिवशी घरी येऊन सांगितलं, "जिला स्वतःच्या पायात नीट घालायला सुचत नाही, ती मला फर्मा शिकवणार." मॅडम त्यांना काका म्हणायच्या. त्याचाही त्यांना राग यायचा. पुढचे आठ दिवस जेवताना दुसरा विषय नव्हता. काच अशी, कॅमेरे तसे, पोरगी जरा काही विचारलं की पडद्याकडे बोट दाखवते. ताई ऐकून घ्यायची आणि वाढायची.

पुढे जे झालं ते मला दाजींनी, ताईने आणि मॅडमनी वेगवेगळं सांगितलं आहे. तिघांचं जुळतं तेवढंच मी धरतो.

नवव्या दिवशी मॅडमनी दाजींना पडद्यासमोर बसवलं. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या वीस बायकांचे पाय त्यांनी टिपून ठेवले होते. दुकानातल्या मुली, शिक्षिका, नर्सा. प्रत्येकीला नुसता क्रमांक, नाव नाही. पाय पडद्यावर रंगीत दिसायचा. मग मॅडम त्याच मापाचा एक फर्मा राखाडी रंगात त्यावर चढवायच्या. पाय फर्म्याच्या बाहेर जाईल तिथे लाल दिसायचं. म्हणजे बूट घातल्यावर तिथे पाय दाबला जाणार.

पहिले काही पाय दाजींनी बघितले. लाल थोडंफार सगळीकडेच होतं. मग सतरा क्रमांकाचा पाय आला. टाच टेकली तेव्हा जरासंच लाल होतं. भार पुढे सरकत गेला तसा चवडा पसरला, पाय लांबला, आणि बाहेरच्या कडेने करंगळीपासून मध्यापर्यंत लाल पट्टा उठला. टाच उचलताना तर चौथं बोट आपसूक तिसऱ्याच्या खाली जाऊन लपलं.

दाजी पुढे वाकले. "हे बोट बघा. जन्माचं नाही हे. वर्षानुवर्षं दाबून दाबून आत गेलंय. आणि बाहेरच्या कडेवर चालतेय बिचारी, चवडा टाळायला. कोणी केला हो हिचा बूट? त्या माणसाला धरून आणा आणि त्याच्या पायात तोच बूट घालून दिवसभर उभा करा."

मॅडमनी पडद्यावरचा राखाडी फर्मा थोडा वळवला. टाचेमागे कोरलेला आकडा दिसला.

"काका, हा तुमच्याच पेटीतला आहे," त्या म्हणाल्या. "अडतीस नंबर. ती ज्या कारखान्याचे बूट घालते म्हणाली, तो तुमचाच."

दाजींचा कान लाल झाला असं मॅडम सांगतात. दाजी म्हणतात, काही झालं नाही. एवढं खरं की त्यांनी विचारलं, "बाई कोण?"

"नाव नाही सांगता येणार. तसं लिहून दिलंय आम्ही त्यांना."

दाजी पडद्याकडे वळले. मग म्हणाले, "हे फार सावकाश चाललंय. खऱ्या वेगाने लावता येतं का?"

मॅडमनी लावलं. पाऊल आलं, बाहेरच्या कडेवर टेकलं, तिथे जरा रेंगाळलं आणि चवड्यावर आल्याआल्या झटकन उचललं गेलं. दाजींनी पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. चौथ्यांदा त्यांनी टेबलावर बोटांनी ताल धरला, एक लांब, एक तोकडा. रोज सकाळी साडेसहाला दाराबाहेरच्या जिन्यावरून उतरत जाणारा तो आवाज त्यांनी सव्वीस वर्षं अंथरुणात पडल्या पडल्या ऐकला होता. पाय त्यांना ओळखू आला नव्हता. चाल ओळखू आली.

"आज एवढं पुरे," म्हणून ते उठले. पेट्या तिथेच राहिल्या.

घरी आले तेव्हा ताई गणवेशाला इस्त्री करत होती. दाजी दारातच उभे राहिले.

"सतरा नंबर तूच ना?"

"कसला सतरा?"

"त्या काचेवर चालून आलीस."

"हो. वॉर्डाच्या फळ्यावर नोटीस होती. आम्ही चौघी गेलो. चहा दिला, एक कागद दिला."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही रोज त्या पोरीच्या नावाने बोटं मोडत होतात. तुम्हाला काय सांगणार?"

"ते जाऊ दे. बूट चावतो ते का नाही सांगितलंस?"

ताईने इस्त्री उभी करून ठेवली. "सांगितलं होतं."

"कधी?"

"पहिल्या वर्षी. याच खोलीत. तुम्ही म्हणालात, चामडं आहे, चार दिवसांत सैल होईल."

"मग?"

"मग झालं की सैल. पण तुमचं लाकूड कुठे सैल होतं? पुढच्या वर्षी परत तोच फर्मा."

दाजींना हे बोलणं आठवतच नव्हतं. ताईला मात्र त्या दिवशी त्यांनी कुठला सदरा घातला होता तेही आठवत होतं. आणि मग ती जे म्हणाली ते ऐकून दाजी खाली बसले. "त्याच्या आधी बाबांनाही सांगितलं होतं. मी सोळा-सतराची असेन. बाबांनी पाय हातात घेऊन बघितला आणि म्हणाले, तुझाच पाय जरा वाकडा आहे. नंतर तुम्ही. घरात दोन जाणती माणसं, दोघांचं उत्तर एकच. मला वाटलं, असेल बाई माझाच पाय वाकडा."

रोज सकाळी ताई करंगळीला चिकटपट्टी गुंडाळते हे दाजींनी पाहिलं होतं. नर्सा असतात तशा, हाताशी असतं म्हणून गुंडाळतात, अशी त्यांची समजूत. ती पट्टी कुरुपावर होती. गेली दोन वर्षं तिचा गुडघा दुखत होता, तो वयाने दुखतो असं दोघांनी मिळून ठरवून टाकलं होतं.

"बघू पाय," दाजी म्हणाले.

"आत्ता नाही. इस्त्री गार होतेय."

दुसऱ्या दिवसापासून दाजी संस्थेत गेले नाहीत. मॅडमनी दोनदा फोन केला, मालकांनी एकदा. दाजींनी अंग दुखतंय म्हणून सांगितलं. घरात बोलणं कमीच झालं. ताई रागावली होती असं नाही. ती म्हणते, "मला काय, मी सव्वीस वर्षांनी एकदा बोलले, मोकळी झाले. यांनाच ते गिळता येईना."

आठव्या दिवशी संध्याकाळी ते माझ्याकडे आले. मी वह्या तपासत होतो. समोर बसले, एक वही उचलली, परत ठेवली.

"मास्तर, तुझ्या बाबांचा फर्मा चुकीचा होता असं मी तोंडाने म्हणू?"

बाबांना जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. मी म्हटलं, "दाजी, बाबा माप कसं घ्यायचे?"

"तुला माहीत आहे की. स्टुलावर बसवायचं, पाय कागदावर ठेवायला लावायचा, पेन्सिल फिरवायची. मग फीत."

"बसलेल्या माणसाचं."

"बसलेल्याच. उभ्या माणसाच्या पायाशी वाकून..." ते मध्येच थांबले. मग हळूच म्हणाले, "आणि बायकांचं तर तेही नाही. बायका कारखान्यात माप द्यायला यायच्याच कुठे?"

त्यांनी माझा लाल पेन घेतला, एका वहीच्या मागच्या पानावर पायाची रूपरेषा काढली, तिच्याभोवती दुसरी, जरा मोठी. ती वही एका मुलीची होती. तिला मी दुसऱ्या दिवशी काय कारण सांगितलं ते आता आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी दाजी संस्थेत हजर. मॅडमना म्हणाले, "सतरा नंबर माझी बायको आहे. तिला विचारून आलोय. आता तिचा पाय नीट दाखवा."

मग दोन महिने ते अर्धा दिवस कारखान्यात आणि अर्धा दिवस त्या काळ्या पडद्यांच्या खोलीत. ताई सुट्टीच्या दिवशी येऊन मार्गावरून चालायची. मॅडमनी दाजींना पडद्यावरचा पाय कापून बघायला शिकवलं. भार पडला की ताईचा पाय सात मिलिमीटर लांबतो, चवडा सहा मिलिमीटर पसरतो, आणि टाच उचलली की सगळं परत आवळतं. म्हणजे एका पावलात एकच पाय दोन-तीन मापांचा होतो. दाजी हे घरी मोठ्या उत्साहाने सांगायला लागले. ताई म्हणाली, "मला विचारलं असतंत तर एवढे कॅमेरे लागले नसते."

पहिला नवीन फर्मा सरळ हिशेबाने केला. मॅडम म्हणाल्या, पाय सगळ्यात मोठा होतो त्या क्षणाचा आकार घेऊ, म्हणजे कुठेच दाबणार नाही. दाजींनी तसा कोरला, बूट शिवून आणला. ताई वॉर्डात गेली आणि दुपारी दोन्ही टाचांना फोड घेऊन परत आली. चवडा मोकळा झाला होता, पण पाऊल उचललं की टाच बुटातून बाहेर येत होती. एकदा सलाईनची बाटली हातात असताना बूट मागेच राहिला आणि ती तशीच दोन पावलं पुढे गेली. वॉर्डातला एक म्हातारा रुग्ण दिवसभर हसत होता म्हणे.

"टाच निसटणार हे मला कोरतानाच कळत होतं," दाजींनी मॅडमना सांगितलं.

"मग बोलला का नाहीत काका?"

"मला वाटलं, यंत्राला जास्त कळत असेल."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "यंत्राला काहीच कळत नाही हो. ते फक्त दाखवतं. करायचं काय ते आपण बघायचं."

दाजी म्हणतात, त्या दिवसापासून त्यांना ती पोरगी आवडायला लागली. फाटक्या सपाता मात्र त्यांना शेवटपर्यंत सोसवल्या नाहीत. त्यांनी तिला एक जोड करून दिला. तो तिने खोलीच्या कोपऱ्यात नीट ठेवला आणि सपाताच घालत राहिली.

दुसरा फर्मा करताना त्यांनी टाच जुन्यापेक्षाही अरुंद धरली आणि चवड्याला बाहेरच्या बाजूने जागा दिली. हा बराच बरा निघाला, पण पाय पसरायच्या क्षणी वरचं चामडं आडवं यायचंच. फर्मा लाकडाचा, बूट चामड्याचा, आणि पाय क्षणाक्षणाला बदलणारा. तिसऱ्या वेळी दाजींनी शिवणाऱ्या कारागिरालाच मॅडमकडे नेऊन पडद्यासमोर बसवलं. कारागीर म्हणाला, "मग इथे चामडं ठेवताच कशाला? ताणलं जाईल असं कापड लावा की." करंगळीच्या बाजूला दोन बोटं रुंदीची विणलेली पट्टी बसवली. पाय पसरला की पट्टी ताणते, आवळला की परत येते.

या काळात ताईमध्ये एक बदल झाला. सव्वीस वर्षं तोंडातून शब्द न काढणारी बाई आता प्रत्येक जोडाची झडती घ्यायला लागली. डाव्या अंगठ्याला शिवण लागते, उजव्याचा आतला तळ सरकतो, बुटाच्या जिभेची कड घोट्याला घासते. दाजी वहीत लिहून घ्यायचे. एकदा वैतागून म्हणाले, "अगं, सगळं एकदम सांग की."

"एकदम कसं सांगू? चालताना कळतं ते."

तिसरा जोड घालून ती पूर्ण पाळी उभी राहिली. घरी आली, बूट काढले, आणि चिकटपट्टी न गुंडाळता दुसऱ्या दिवशी गेली. दाजींनी विचारलं, कसा आहे? ती म्हणाली, "विसरले की मी, पायात काय आहे ते." दाजी एवढ्यावर खूश. गुडघा काही थांबला नाही. डॉक्टर म्हणाले, झिजलाय तो झिजलाय, यापुढे कमी झिजेल. चौथं बोटही जिथे होतं तिथेच राहिलं.

दाजींनी तो फर्मा मालकांसमोर ठेवला. मालकांनी हातात घेऊन फिरवला, मॅडमनी पडद्यावर दाखवलं तेव्हा मान डोलावली, आणि मग विचारलं, "मिस्त्री, भिंतीवरच्या बाकीच्या फर्म्यांचं काय करायचं?"

"बायकांचे काढून टाकायचे."

"सगळे?"

"सगळे. माझ्या सासऱ्यांचे आहेत, तरी सांगतो."

मालक एवढ्यावर तयार होणारे नव्हते. भांडण झालं, दोनदा दाजी चिडून बाहेर आले. शेवटी ठरलं की उभ्याने काम करणाऱ्या बायकांसाठी एकच बूट नव्या फर्म्यावर काढायचा, पण तीन रुंदींत. मॅडमना आणखी पाय हवे होते. ताईने रुग्णालयातून एकोणचाळीस जणी नेल्या. त्यांत वॉर्डातल्या आया होत्या, स्वयंपाकघरातल्या बायका होत्या, एक भूल देणारी डॉक्टरही होती. मार्गावर चढताना प्रत्येक बाई आधी पाय लपवायची. कुणाला भेगांची लाज, कुणाला वाकड्या नखांची. ताई पायऱ्यांशी उभी राहून सांगायची, "अगं चढ, इथे तोंड कुणी बघत नाही." दाजी पडद्याशी बसायचे आणि प्रत्येकीला एकच प्रश्न विचारायचे, कुठे टोचतं? पहिलं उत्तर बहुतेकींचं "कुठे नाही" असंच असायचं. दाजी पेन खाली ठेवायचे नाहीत. थोडं थांबून परत विचारायचे. मग यादी सुरू व्हायची.

तो बूट आता दीड वर्ष निघतोय. फार खपतो असं नाही, पण घेतलेल्या बायका परत तोच मागायला येतात. बाकीचे बायकांचे बूट अजून जुन्याच फर्म्यांवर होतात. दाजी दर दोन-तीन महिन्यांनी मालकांच्या खोलीत जाऊन त्यावर वाद घालतात आणि तावातावाने बाहेर येतात. बाबांचा अडतीस नंबर त्यांनी मांडणीवरून काढला. जाळला नाही, टाकलाही नाही. शिकंज्याखाली डगडग होते तिथे टेबलाच्या पायाला आधार म्हणून लावलाय. मला आधी ते बघून कसंसंच झालं. ताई म्हणाली, "निदान आता कुणाला टोचत नाही."

गेल्या महिन्यात ताईने मुदतीआधीच निवृत्ती घेतली. त्याच आठवड्यात ती भाचीबरोबर बाजारात गेली आणि येताना एक खोका घेऊन आली. मी तिथेच होतो. खोक्यात जांभळ्या रंगाचे कापडी बूट होते, कुठल्याशा दुसऱ्याच कारखान्याचे, पांढऱ्या नाड्यांचे. लग्नानंतर तिने दुकानातून घेतलेले पहिले बूट.

दाजी वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "हे काय?"

"बूट."

"माझ्याकडे सांगितलं असतंस तर..."

"तुमच्याकडे जांभळा मिळतो?"

दाजींनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. एक बूट उचलला, वाकवून बघितला, आत हात घालून बोटांनी टाच चाचपली, चवड्याच्या बाहेरच्या बाजूला अंगठा दाबला. मग तिला घालायला लावले आणि खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवलं. भाची दारात उभी राहून हसू दाबत होती. दाजी जमिनीवर उकिडवे बसले, मान तिरकी करून तिची पावलं बघत होते. ती वळली, परत आली, परत गेली.

"बरा आहे," शेवटी ते म्हणाले.

"बरा नाही, छान आहे," ताई म्हणाली आणि तशीच दाराबाहेर पडून भाचीबरोबर जिना उतरून गेली. दाजींनी खोका जवळ ओढला आणि झाकणावर कारखान्याचा पत्ता कुठे छापलाय ते शोधायला लागले.